सतारीच्या तारेतली ताकद

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुक या वाद्यांच्या भोपळ्याचं होतं, तसं तारेचंही व्हायला हवं. पोलादी तार थंड असतानाच ‘डाय’ नावाच्या साच्याच्या बारीक भोकांतून ओढतात आणि ती मऊ पडण्याऐवजी अधिक कणखर होते. हे कसं?

धातूत अणूंच्या रांगा असतात. अख्खी रांग एकदम सरकवायला लागणारं बळ भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलनं १९२६ मध्ये गणितानं काढलं, पण प्रत्यक्षात धातू त्याच्या कितीतरी कमी बळाला वाकतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे उत्तर दिलं: रांगांत ‘डिसलोकेशन’ नावाच्या दोषरेषा असतात. सतरंजीवरची सुरकुती ढकलत नेली की अख्खी सतरंजी सरकते, तसंच हे. तार ओढताना या रेषा प्रचंड वाढतात, एकमेकींत अडकतात. पुढचं सरकणं अवघड होतं. टेलरचं गणित विलक्षण सुटसुटीत आहे: रेषांची घनता चौपट झाली, की त्यांच्यामुळे येणारी ताकद दुप्पट होते.

तार लालभडक तापवली, तर बहुतेक रेषा नाहीशा होतात आणि ती पुन्हा मऊ पडते. अशी तार सतारीवर सुराला चढवता येत नाही.