अर्ध्या बांगडीचा हिशेब

टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनाला गेले की देवळाबाहेरच्या दुकानांत हात रिकामा राहत नाही. गेल्या मे महिन्यात मीही एक लाल प्लास्टिकची बांगडी घेतली आणि स्टेशनवरच्या गर्दीत तिचे बरोबर दोन तुकडे झाले. कल्याणकडे जाणारी लोकल यायला वेळ होता. चाळा म्हणून एक तुकडा केसांवर घासला, तर कागदाचे कपटे त्याला येऊन चिकटू लागले. आणि मला एकदम बारावीचे एक उदाहरण आठवले. कला शाखेत मी त्या उदाहरणामुळे आले असे म्हणणार नाही, पण त्याचा हातभार नक्की होता.

उदाहरण असे : अर्धवर्तुळाकार तारेवर विद्युत प्रभार सारखा पसरला आहे, तर वर्तुळाच्या मध्याशी विद्युत क्षेत्र किती? क्षेत्र म्हणजे त्या जागी एक कूलोम धन प्रभार ठेवला तर त्यावर पडणारे बल. कूलोमने १७८५ साली दाखवले, की हे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

आपली बांगडी ३ सेंटिमीटर त्रिज्येची, आणि अर्ध्या तुकड्यावर एक अब्जांश कूलोम धन प्रभार आहे असे धरू. (खरे तर घासलेल्या प्लास्टिकवर बहुधा ऋण प्रभार येतो, तोही सारखा पसरत नाही, आणि पावसाळ्यात काळू नदीकाठच्या दमट हवेत तो टिकणेही अवघड. पण हिशेबापुरते चालवून घ्यावे.) तुकड्याचा प्रत्येक कण मध्यापासून सारख्याच अंतरावर आहे. मग मी परीक्षेत काय केले? सगळा प्रभार एकत्र धरला, अंतराच्या वर्गाने भागले, आणि उत्तर लिहिले : १०,००० न्यूटन प्रति कूलोम. शून्य गुण!

चूक अंकांत नव्हती, दिशेत होती. उजव्या टोकाचा कण मध्यावरच्या प्रभाराला डावीकडे ढकलतो, डाव्या टोकाचा उजवीकडे. दोघांचे श्रम फुकट. तुकड्याच्या ऐन मधल्या कणाचे ढकलणे मात्र पुरे कामी येते. इतरांचे थोडे कामी येते, थोडे वाया जाते. कोणाचे किती, याचा हिशेब पुस्तकात संकलनाने करतात आणि तिथेच आमच्यासारख्यांचे धैर्य सुटते.

त्या दिवशी छपराबाहेर उभी असताना ऊन थेट डोक्यावर होते. (टिटवाळ्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य खरोखरच माथ्यावर येतो.) मी तुकडा कमानीसारखा उभा धरला. फलाटावर त्याची सावली पडली. वाकडी नव्हे, सरळ रेघ! कमानीच्या माथ्याजवळचा भाग जवळजवळ आडवा, म्हणून त्याची सावली पूर्ण लांबीची. टोकांजवळचा भाग उभा, म्हणून त्याची सावली जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्या भागाचे ढकलणे जितके कामी येते, तितकीच त्याची सावली! भूमितीने पाहिले तर दोन्ही प्रमाणे तंतोतंत एकच आहेत.

मग संकलन कशाला? सगळ्या सावल्यांची बेरीज म्हणजे व्यास, ६ सेंटिमीटर. तुकड्याची वळणावरून मोजलेली लांबी ९.४२ सेंटिमीटर. १०,००० ला ६ ने गुणून ९.४२ ने भागा : सुमारे ६,३७०. पुस्तकातल्या सूत्रानेही हेच येते.

युक्ती अर्ध्या बांगडीपुरती नाही. कोणताही तुकडा घ्या. त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर तेवढे मोजायचे. अर्ध्याचेही दोन भाग केले, तर पाव बांगडीच्या टोकांमधले अंतर ४.२४ सेंटिमीटर आणि मध्याशी क्षेत्र सुमारे ४,५००. प्रभार निम्मा झाला, क्षेत्र निम्मे झाले नाही. आणि न फुटलेल्या बांगडीची दोन्ही टोके एकमेकांना मिळालेली असतात. अंतर शून्य, म्हणून मध्याशी क्षेत्रही शून्य.