पायावरचे धावरे : जंतूंची वाट बोटांच्या बेचक्यातून

भातलावणीच्या दिवसांत माझ्याकडे एकच तक्रार घेऊन अनेक रुग्ण येतात. रात्री थंडी वाजून ताप आला आणि सकाळी एक पाय सुजला. पाय लालबुंद, हाताला गरम लागतो, जांघेत अवधाण आलेले असते. कोणी मुका मार समजून पाय चोळतात, कोणी लेप लावून चार दिवस काढतात. हे दिवस महागात पडतात.

जुनी माणसे याला धावरे म्हणतात. संसर्ग त्वचेखाली खोलवर गेला की त्याला सेल्युलायटिस म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस हे जंतू त्याला बहुधा कारणीभूत असतात. धडधाकट कातडीतून ते सहसा आत शिरत नाहीत. त्यांना वाट लागते. म्हणून मी आधी रुग्णाच्या पायाची बोटे फाकवून पाहतो. पुष्कळदा तेथे चिखल्या आढळतात. टाचेच्या भेगा, रुतलेला काटा, खाजवून झालेली जखम याही वाटाच होत.

धोका कोणाला अधिक? मधुमेहींना, कारण त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते आणि पाय बधिर झाल्यास जखम कळतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हत्तीपाय, पायावरच्या फुगलेल्या शिरा, लठ्ठपणा, स्टेरॉइडची औषधे यांमुळेही धोका वाढतो. एकदा धावरे झालेल्यास ते पुन्हा होऊ शकते.

वेळीच योग्य प्रतिजैविके घेतली व पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती घेतली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. लाली कोठवर आहे ते पेनाने आखून ठेवावे. रेघ ओलांडून ती पसरू लागल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे. मात्र असह्य वेदना, फोड, कातडी काळी-निळी पडणे किंवा रुग्ण बरळू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. तेथे तासांचा उशीरही जिवावर बेततो.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि चिखल्यांवर वेळीच औषध लावावे. मधुमेहींनी रोज तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसल्यास घरच्यांकडून पाहून घ्यावेत.