पिंजऱ्यातील येरझारांचा अर्थ

प्राणिसंग्रहालयात हे दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल. वाघ पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, ठरावीक जागी वळतो आणि त्याच वाटेने परततो. शेजारी हत्ती एका जागी उभा राहून तासन्‌तास झुलत असतो. 'बघ, हत्ती कसा मजेत डुलतोय!' असे पालक मुलांना सांगतात. प्रत्यक्षात या डुलण्यामागे आनंद क्वचितच असतो.

उघड हेतू नसताना एकाच क्रमाने पुन:पुन्हा होणाऱ्या अशा हालचालींना 'साचेबद्ध वर्तन' म्हणतात. त्याचे स्वरूप प्राण्यागणिक बदलते. मांसभक्षक प्राणी येरझारा घालतात, तर जिराफ भिंती आणि गज चाटत राहतो. रानात मोकळेपणी जगणाऱ्या प्राण्यांत हे वर्तन सहसा दिसत नाही. 'बॉर्न फ्री' चित्रपटातील अभिनेते आणि पुढे वन्यजीवांसाठी झटलेले बिल ट्रॅव्हर्स यांनी १९९२ मध्ये त्याला 'झूकोसिस' असे नाव दिले.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील 'गस' या ध्रुवीय अस्वलामुळे हा विषय जगभर पोहोचला. १९९४ च्या सुमारास गस आपल्या तळ्यात आठच्या आकड्यासारखी वळणे घेत दिवसाचे कित्येक तास पोहत असे. व्यवस्थापनाने प्राणिवर्तनतज्ज्ञाला पाचारण केले. गसला खेळणी देण्यात आली. अन्न आयते न देता ते शोधून, बर्फ फोडून मिळवावे लागेल अशी योजना झाली. त्याचे फेरे कमी झाले, पण पूर्णपणे थांबले नाहीत. २०१३ मध्ये गसचा अंत झाला.

असे का घडते? भक्ष्य शोधणे, हद्द राखणे, लांबवर भटकणे या प्रेरणा उपजत असतात. वेळेवर खाणे मिळाल्याने पोट भरते, मात्र त्या प्रेरणा शमत नाहीत. २००३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले, की निसर्गात ज्या मांसभक्षकांचा वावर अधिक विस्तीर्ण, ते कैदेत अधिक येरझारा घालतात आणि त्यांच्या पिल्लांचा मृत्युदरही अधिक असतो. ध्रुवीय अस्वलाचा नेहमीचा पिंजरा हा त्याच्या किमान नैसर्गिक वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढाच असतो, असेही त्यांनी नमूद केले होते.

तथापि, या वर्तनाचा अर्थ लावताना घाई करून चालत नाही. एकदा जडलेली सवय चांगल्या जागी हलविल्यावरही टिकू शकते. उलटपक्षी, कोपऱ्यात निपचित पडून राहणारा प्राणी सुखी असेलच असे नाही. एकाच पिंजऱ्यातील दोघांपैकी येरझारा घालणारा कदाचित परिस्थितीशी थोडेफार जुळवून घेत असतो, तर दुसऱ्याने हाय खाल्लेली असते. त्यामुळे केवळ फेरे थांबविणे म्हणजे उपाय नव्हे. फेरे घालण्याचे कारण दूर होणे महत्त्वाचे.

प्रशस्त जागा, लपण्यासाठी आडोसा, सजातीयांची सोबत आणि अन्नासाठी खटपट करण्याची संधी यांमुळे पुष्कळ फरक पडतो. काही प्राण्यांच्या बाबतीत मात्र तेवढे पुरत नाही. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वन खात्याच्या शिबिरांत हलविण्याचे निर्देश दिले, ते हत्तीला फिरण्यासाठी लागणारी विस्तीर्ण जागा तेथे मिळत नाही म्हणूनच. पुढच्या वेळी एखादा प्राणी त्याच त्या वाटेने फिरताना दिसला, तर मुलांना त्यामागचे हे कारण अवश्य सांगावे.