चेहऱ्यावरील डाग आणि कन्सीलर

लग्नसराई आली कीं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत एक दृश्य हटकून दिसतें. डोळ्यांखालीं काळिमा आलेली किंवा गालावर वांग उमटलेली एखादी मुलगी आईसह येते, कन्सीलर मागते, आणि मांडलेल्या दहाबारा छटांतून सर्वांत उजळ छटा निवडली जाते. निवड बहुधा आईची असते. कार्याच्या दिवशीं मुलगी दिव्यांच्या झगमगाटांत उभी राहते व छायाचित्रांत तिच्या डोळ्यांखालीं राखाडी चंद्रकोरी उमटतात. पैसे गेले तें असो. पण ‘इतकें करूनहि रंग तो सांवळाच’ हा शेरा त्या मुलीच्या पदरीं येतो. दोष मात्र सर्वस्वीं निवडीचा असतो.

वर्ण एकसारखा दिसणें निराळें आणि गोरा दिसणें निराळें. कन्सीलर जन्माला आला तो पहिल्या कामासाठीं. अमेरिकेंतील लिडिया ओ’लिअरी या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मापासून मोठा जांभळट डाग होता व त्यापायीं त्यांना विक्रेतीची नोकरी नाकारण्यांत आली. त्यांनीं खटपट करून डाग झांकणारा ‘कव्हरमार्क’ नांवाचा लेप १९२८ सालीं काढला आणि १९३२ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें १९५४ सालीं मॅक्स फॅक्टर कंपनीची ‘इरेस’ ही कांडी निघाली व ही वस्तु सामान्य स्त्रियांच्या हातीं आली.

या लेपांत गूढ असें कांहीं नाहीं. टिटॅनियम डायऑक्साइड हें पांढरें रंगद्रव्य झांकण्याचें काम करतें. तांबडी, पिवळी व काळी छटा लोहाच्या ऑक्साइडांची, म्हणजे गेरू व पिवडी यांच्याच जातीच्या, पण कारखान्यांत शुद्ध स्वरूपांत बनविलेल्या द्रव्यांची. तीं तेल, मेण किंवा सिलिकोन यांत घोटलेलीं असतात. पांढऱ्याचें प्रमाण अधिक झालें कीं लेप सांवळ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो. छायाचित्रांतील त्या चंद्रकोरींचें कारण हेंच. जुन्या मराठी नटांना तोंडावर सफेदा व पिवडी चाले, कारण प्रेक्षक दूर बसलेला असे. मांडवांतील पाहुणा हातभर अंतरावर असतो.

छटा नेहमीं दिवसाच्या उजेडांत, दुकानाबाहेर येऊन पाहावी. मनगटावर न लावतां जबड्याच्या कडेला थोडी लावून दहा मिनिटें थांबावें, कारण कित्येक लेप लावल्यावर कांहीं वेळानें गडद होतात. त्वचेंत जी दिसेनाशी होते ती आपली छटा. दुकानदार घाई करील, करूं द्यावी.

डोळ्यांखालील काळिमा पुष्कळदां निळसर तपकिरी असते. तिच्यावर सरळ त्वचेच्या रंगाचा लेप दिला तर निळेपणा खालून डोकावतोच. शाळेंतील चित्रकलेच्या तासाला शिकविलेलें रंगचक्र येथें उपयोगी पडतें. निळ्याच्या समोर नारिंगी. म्हणून प्रथम नारिंगी छटेचा अगदीं पातळ हात व त्यावर आपल्या छटेचा दुसरा. मुरुमाच्या लालीवर याच न्यायानें हिरवट छटा चालते.

तोंड धुवून प्रथम त्वचा मऊ करणारी क्रीम, मग ऊन्हापासून रक्षण करणारी क्रीम लावावी, व तीं मुरल्यावर कन्सीलर. डोळ्याखालीं मुगाच्या दाण्याएवढा पुरे. अनामिकेनें हलकेंच थोपटावा, चोळूं नये, आणि कडा नाहींशा कराव्या. जाड थर हंसतांना उन्हाळ्यांतील शेतासारखा भेगाळतो. शेवटीं पावडरीचा नांवाला स्पर्श द्यावा.

वांग असणाऱ्यांना या लेपाचा एक अधिक लाभ आहे. वांग केवळ अतिनील किरणांनीं नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेंहि गडद होतो, आणि लोहाचीं रंगद्रव्यें तो कांहीं अंशीं अडवितात. याउलट, डाग घालविण्याच्या नांवाखालीं डॉक्टरांस न विचारतां स्टेरॉइडयुक्त मलमें महिनोन्महिने लावण्याची जी रूढी पडली आहे ती सर्वस्वीं घातक. त्यांनीं कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसूं लागतात आणि मलम बंद करतांच तोंड लाल होऊन पेटतें. आकार किंवा रंग बदलणारा तीळ झांकीत बसूं नये. तो डॉक्टरांना दाखवावा.

कोडाविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. कोड संसर्गानें होत नाहीं, महारोगाशीं त्याचा संबंध नाहीं. तरी त्या पांढऱ्या डागांपायीं सुशिक्षित घरांतहि सोयरिकी मोडतात. तो झांकण्यास जाड, पाण्यानें न जाणारे लेप मिळतात आणि चार लोकांत वावरतांना कोणी ते वापरले तर त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र लग्न ठरवितांना कोड सांगून टाकावें. लेपाखालीं लपवून जुळविलेल्या संसारांत त्या मुलीला पहाटे सर्वांआधीं उठून आरशापुढें बसावें लागतें.

रात्रीं निजण्यापूर्वीं लेप काढलाच पाहिजे. कापसाच्या बोळ्यावर प्रसाधन काढण्याचें तेल घेऊन तो डोळ्यांखालीं क्षणभर टेकवावा आणि मग अलगद पुसावें. मुरुमांचा त्रास असेल त्यांनीं त्यासाठीं खोबरेल वापरूं नये, त्यानें छिद्रें बुजतात.