चार हजार ठिपक्यांतला साप

१९९७ साली बाजारात आलेल्या ‘नोकिया ६११०’ या फोनसाठी अभियंता तानेली अरमांतो यांनी लिहिलेल्या ‘स्नेक’ या खेळाने मोबाइलवरील खेळ घरोघरी पोहोचवले. त्याची मूळ कल्पना मात्र ‘ब्लॉकेड’ या १९७६ सालच्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील खेळापर्यंत मागे जाते. त्या फोनचा पडदा आडवे ८४ आणि उभे ४८, म्हणजे अवघ्या ४,०३२ पिक्सेलांचा, अर्थात चित्रबिंदूंचा, होता. साप सरकल्यासारखा दिसे, परंतु प्रत्यक्षात दर ठोक्याला तोंडापुढे एक घर काळे होई आणि शेपटीचे एक घर पुसले जाई. भक्ष्य मिळताच शेपटी पुसणे तेवढ्यापुरते थांबे आणि साप लांबत जाई.

हा खेळ फोनबरोबरच मिळत असल्याने खेळाडूकडून पुन्हा पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी खेळाच्या आत खरेदीची सोय आली, तेव्हा ‘फ्रीमियम’ पद्धत रुजली, म्हणजे खेळ फुकट, पण जादा जीव किंवा वाट पाहण्यातून सुटका विकत. साप भिंतीवर आदळला की डाव संपे. नव्या रचनेत मात्र हरण्याचा तोच क्षण विक्रीचा क्षण ठरला.

जुन्या खेळांच्या ओढीमागे मानसशास्त्रातील ‘स्मृतींचा उंचवटा’, म्हणजे किशोरवय व तारुण्यातील आठवणी अधिक ठळक राहण्याची प्रवृत्ती, असू शकते. तथापि काहीही न मागणाऱ्या खेळाची आठवण केवळ वयाची किमया म्हणून सोडून देता येत नाही.