पैनगंगा अभयारण्य : नदीखोऱ्याचे भूरूप आणि वनस्पतिजीवन

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसर यांत पैनगंगा नदीच्या दोन्ही काठांवर पैनगंगा अभयारण्य पसरलेले आहे. या अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौ. कि.मी. आहे. येथील वन शुष्क पानझडी प्रकारात मोडते. हे वर्गीकरण योग्य असले, तरी त्यातून नदीकाठच्या अरुंद वनपट्ट्याचे वेगळेपण लक्षात येत नाही. ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूरूप :
पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावून पुढे वर्धा नदीस मिळते. अभयारण्याच्या परिसरात ती बेसॉल्टच्या थरांमधून वाहते. सहस्रकुंड धबधब्याजवळ हे काळे खडक पात्रातच उघडे पडलेले दिसतात. डोंगरमाथ्यावर मातीचा थर पातळ व मुरमाड, पायथ्याशी अधिक खोल, तर पात्रालगत गाळाचा आहे. साहजिकच ओलावा माथ्यावर अल्पकाळ आणि काठावर दीर्घकाळ टिकतो.

वनस्पतिजीवन :
वनस्पतींची मांडणीही या क्रमास अनुसरून आहे. खडकाळ माथ्यावर सालई व धावडा, तर उतारावर साग, ऐन, मोह, तेंदू व पळस हे वृक्ष आढळतात. मोकळ्या जागी कुसळी गवत माजते. सागास निचऱ्याची जमीन मानवते. पाणी साचणाऱ्या जागी तो नीट वाढत नाही. काठावर अर्जुन, करंज, जांभूळ व उंबर यांचे प्राबल्य दिसते. ऐन उन्हाळ्यात उतारावरील साग निष्पर्ण असताना हाच पट्टा वन्यजीवांना सावली आणि फळे पुरवितो. क्षेत्राने अल्प असूनही त्याचे महत्त्व त्यामुळे मोठे ठरते.

संवर्धनाचा प्रश्न :
हा पट्टा मुख्यतः नदीच्या ओलाव्यावर जगतो आणि नदीचे पाणी अभयारण्याच्या सीमेबाहेरून येते. वरच्या बाजूस इसापूर धरणात ते सिंचनासाठी अडविले जाते. सिंचनाची गरज निर्विवाद आहे. तथापि, उन्हाळ्यात पात्र कोरडे पडल्यास केवळ वृक्षतोडबंदीने काठाचे वन टिकणार नाही. जुने वृक्ष उभे दिसत असले, तरी त्यांची रोपे रुजली नाहीत तर हा ऱ्हास फार उशिरा ध्यानात येईल.

निष्कर्ष :
पैनगंगेच्या खोऱ्यात वनसंरक्षण आणि जलनियोजन हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांनी, वनविभागाच्या अनुमतीने, माथ्यापासून पात्रापर्यंतच्या ठरावीक रेषांवर वृक्षांची व रोपांची नोंद दरवर्षी ठेवल्यास या प्रश्नाची चर्चा पुराव्याच्या आधारे होऊ शकेल.