मान्सूनच्या वाटेतला धुराचा पडदा

१९९९ च्या सुरुवातीला मालदीवमधून शास्त्रज्ञांची विमानं उडाली आणि उत्तर हिंदी महासागरावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा तपकिरी, धुरकट थर नोंदला गेला. मोहिमेचं नाव इंडोएक्स.

चुली, डिझेल, कोळसा, जाळलेला पेंढा यांतून उडालेले या थरातले कण ऊन अडवतात. मान्सूनला ओढ लागते ती तापलेली जमीन आणि त्यामानाने थंड समुद्र यांच्यातल्या फरकामुळे; जमिनीवर ऊन कमी पोचलं की तो फरकच घटतो. समुद्राचं बाष्पीभवनही मंदावतं. दक्षिण आशियातला उन्हाळी मान्सून १९५० नंतर क्षीण होण्यामागे मुख्यतः हेच कण असल्याचं २०११ मध्ये ‘सायन्स’मधल्या अभ्यासानं मांडलं.

काजळीचा स्वभाव मात्र वेगळा. ती ऊन गिळून हवाच तापवते. हिमालयालगत साचलेली काजळी आणि धूळ मान्सूनच्या सुरुवातीला पाऊस उलट वाढवते, हा विल्यम लाऊ यांनी नासात असताना मांडलेला सिद्धांत. त्यावर वाद झडले, आणि ते साहजिकच!